वेगवेगळी तिकिटं, मधे जेमतेम वेळ: पुण्याहून कनेक्टिंग फ्लाइटने जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

कर्वे रस्त्यावरच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात तिकिटं काढायचं काम अठरा वर्षं चालू आहे. आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी समोर बसतं, फोन पुढे करतं आणि म्हणतं, "हे बघा, तुमच्यापेक्षा नऊ हजारांनी स्वस्त." बघावं तर पुणे–दिल्ली एका कंपनीचं, दिल्लीहून पुढचं दुसऱ्या कंपनीचं, मधे दोन तास पन्नास मिनिटं. मग जे प्रश्न निघतात ते जवळपास ठरलेले असतात, म्हणून इथे एकदाचे लिहून काढले. आम्ही तिकिटं विकणारे लोक, तेव्हा आमचं म्हणणं थोडं पारखूनच घ्या. पण नऊ हजार कशाचे वाचतात, तेवढं समजून घेऊन मग काय ते ठरवा.

दोन्ही विमानं तीच, वेळाही त्याच. मग तिकीट एक असो वा दोन, फरक काय पडतो?

विमान चुकेपर्यंत काहीच पडत नाही.

एकाच तिकिटावर पुणे–दिल्ली–टोरंटो असेल, तर तुम्हाला टोरंटोला पोचवायची जबाबदारी कंपनीने घेतलेली असते. पुण्याचं विमान रखडलं आणि पुढचं निघून गेलं, तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा शोधून देणं हे तिचं काम. कधीकधी तुम्ही दिल्लीत उतरायच्या आतच नवीन बोर्डिंग पास तयार असतो. दोन वेगळी तिकिटं असतील, तर पहिल्या कंपनीचं काम दिल्लीला चाकं टेकली की संपलं. दुसऱ्या कंपनीला पुण्याचा पत्ताच नाही. तिच्या लेखी तुम्ही दिल्लीतलेच एक प्रवासी, काउंटरवर वेळेत न आलेले.

मधल्या उशिराचं ओझं तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेता, त्याबद्दल ते नऊ हजार वाचतात. "आजवर कधी चुकलं नाही हो" असं म्हणणाऱ्यांना मी उलटा प्रश्न विचारतो: चुकलंच, तर त्या दिवशी जागेवर पुढचं तिकीट केवढ्याला पडेल? आकडा ऐकून अर्धे लोक गप्प होतात.

माझं तिकीट एक आहे की दोन, हे ओळखायचं कसं?

पीएनआर मोजून नाही. इथे भलेभले फसतात. दोन कंपन्यांचं एकत्र तिकीट असेल तर दोघींचे वेगवेगळे पीएनआर असू शकतात, तरी तिकीट एकच असतं. याच्या उलट बुकिंग साइट स्वतःचा एकच बुकिंग क्रमांक देते आणि त्याच्या पोटात दोन सुटी तिकिटं असतात.

बघायचा तो ई-तिकीट क्रमांक. तो तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे: एअर इंडिया ०९८, एमिरेट्स १७६, कतार १५७, लुफ्तान्सा २२०. दोन्ही टप्प्यांपुढे एकच क्रमांक असेल तर निश्चिंत राहा. एका क्रमांकात चारच टप्पे मावतात, त्यामुळे लांबच्या जाण्यायेण्यात लागोपाठचे दोन क्रमांक दिसले तर घाबरू नका. पण एका टप्प्याला ०९८ आणि दुसऱ्याला २२० असेल, किंवा एका टप्प्याला असा क्रमांकच नसून फक्त पीएनआर असेल, तर तिकिटं दोन आहेत असंच धरा. तिकीट काढायच्या आधी कळायला हवं असेल तर एजंटला सरळ विचारा, "पुण्यातून टाकलेली बॅग थेट शेवटच्या गावाला जाईल का?" उत्तर देताना तो "बहुतेक" म्हणाला की समजून जा.

पण वेबसाइटनेच ही दोन विमानं जोडून दाखवली होती. मग चूक माझी कशी?

चूक तुमची नाही, जबाबदारी मात्र तुमची. अशा जोडणीवर बारीक अक्षरांत 'सेल्फ ट्रान्सफर' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ एका विमानातून दुसऱ्यात जायचं सगळं तुमचं तुम्ही बघा. वेबसाइटचा संगणक फक्त वेळा जुळवतो. पट्ट्यावर बॅग किती वेळाने येते, टर्मिनल बदलायला बस मिळते का, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. काही साइट जादा पैसे घेऊन स्वतःची हमी देतात. पण ती साइटची हमी असते, विमान कंपनीची नव्हे. आणि उशीर झाल्याचं त्यांना किती वेळात कळवायचं, याच्या अटी त्यात असतात. मध्यरात्री दिल्लीत उभं राहून त्यांच्या चॅटवर बोलायची तयारी असेल तर घ्या.

चार तास ठेवलेत मधे. पुरणार नाहीत?

मी स्वतः चार तास चाळीस मिनिटं ठेवली होती. २०१९ चा जानेवारी. बहिणीकडे फ्रँकफर्टला चाललो होतो. दिल्लीपर्यंतचं तिकीट पॉइंट्सवर फुकट मिळत होतं, ते सोडवेना. तिकिटं विकणारा माणूस, आणि स्वतःच्या बाबतीत हा शहाणपणा.

पुण्याहून सहा दहाला निघायचं विमान दिल्लीतल्या धुक्यामुळे आठ पस्तीसला हललं. दिल्लीवर पंचवीस मिनिटं घिरट्या घातल्या. उतरल्यावर विमानाला जोडायच्या पुलाची (एरोब्रिजची) जागा मिळाली नाही, म्हणून बसची वाट बघितली. पट्ट्यापाशी पोचलो तेव्हा अकरा पस्तीस झाले होते. पट्टा सुरू झाला, थांबला, परत सुरू झाला. लोकांच्या बॅगा येत होत्या, आणि हिरवी रिबीन बांधलेली माझी बॅग, जिच्यात बहिणीसाठी चार पुडे बाकरवडी आणि मेतकूट होतं, काही केल्या येईना. अकरा बावन्नला ती आली. तिथून बाहेर, लिफ्टने वर, सुटण्याच्या दारावर पुन्हा सीआयएसएफच्या सुरक्षा जवानांपुढची रांग, तिकीट आणि पासपोर्ट दाखवणं. काउंटरवर गेलो तेव्हा घड्याळात बारा वाजून चार मिनिटं. विमान एक वाजता, काउंटर बारा वाजता बंद. तिथली मुलगी चांगली होती. तिने खरोखर प्रयत्न केला आणि म्हणाली, "सर, सिस्टिम से ही क्लोज हो गया." विमान समोर उभं होतं आणि अजून तासभर तिथेच असणार होतं.

दंड आणि भाड्यातला फरक धरून ३८,००० रुपये भरले आणि दुसऱ्या दिवशी गेलो. रात्रीच्या हॉटेलचे वेगळे. पहिल्या कंपनीने काय दिलं? दिल्लीपर्यंत व्यवस्थित पोचवलं, आणि तिच्या हिशोबात तेवढंच बसत होतं.

तेव्हा वेळापत्रकात चार तास चाळीस मिनिटं दिसली, तरी त्यातला काउंटर बंद व्हायचा एक तास तिथल्या तिथे वजा करायचा. मग बॅगेचा अर्धा-पाऊण तास. मग टर्मिनल बदलायचं असेल तर तो वेळ. उशीर पचवायला जे उरतं ते दोन-अडीच तासच.

मग किती वेळ ठेवावा?

हे आमचे अंदाज आहेत, नियम नव्हेत. देशातलं विमान आधी आणि परदेशातलं नंतर, तिकिटं वेगळी, बॅग टाकलेली: सहा तास, त्याखाली नको. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे असेल तर आदल्या संध्याकाळी पोचा आणि विमानतळाजवळ एरोसिटीत किंवा महिपालपूरला मुक्काम करा. परदेशातून येऊन पुढे पुण्याचं विमान: चार तास. देशातल्या देशात, एकच टर्मिनल आणि फक्त हातातली बॅग: तीन तासांत चालतं.

वेळेइतकंच बघायचं ते हे, की चुकलं तर त्या मार्गावर पुढचं विमान कधी आहे. दिल्ली–पुणे दिवसातून बरीच असतात, एक चुकलं तर चार तासांनी दुसरं. दिल्लीहून युरोपातल्या एखाद्या मध्यम शहराला दिवसातून एकच असेल, तर चुकलं म्हणजे चोवीस तास गेले. आणि दिवसातलं शेवटचं विमान दुसऱ्या टप्प्याला कधीच ठेवू नका.

जाताना आणि येताना धोका सारखाच का?

नाही. जाताना चुकतं ते महागडं तिकीट, येताना चुकतं ते स्वस्तातलं. म्हणूनच एखादा हट्टालाच पेटला तर आम्ही सांगतो, जाताना एक तिकीट घ्या, येताना वेगळी घ्या हवी तर. पण भाड्याच्या गणितात जाण्यायेण्याचं एकत्र तिकीट स्वस्त पडतं, त्यामुळे हा सल्ला कागदावरच राहतो.

येतानाचा वेळ मात्र कमी धरू नका. इमिग्रेशन, पट्टा, कस्टम्स, आणि मग टर्मिनल. दिल्लीत परदेशातलं विमान टी-३ वर उतरतं आणि पुण्याचं टी-१ वरून निघत असेल तर मधे बसचा प्रवास आहे. मुंबईतही सहारचं टी-२ आणि सांताक्रूझचं टी-१ एकमेकांना चिकटलेली नाहीत, रस्त्याने जावं लागतं, आणि तो रस्ता अंधेरी–पार्ल्याचा आहे. इमिग्रेशनच्या रांगेवर एक उतारा आहे: भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आणि ओसीआय कार्डवाल्यांसाठी (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी) सरकारची फास्ट ट्रॅक नोंदणी. २०२४ च्या जूनमध्ये ती दिल्लीत सुरू झाली आणि २०२५ च्या जानेवारीत मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. फुकट आहे. एकदा बोटांचे ठसे दिले की स्वयंचलित दारातून जाता येतं. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी तर करूनच ठेवावी.

बॅगेचं काय? ती पुढे पाठवत नाहीत का?

वेगळ्या तिकिटांवर साधारणपणे नाही. काही कंपन्या आपसात करार असेल तर पुढचं तिकीट बघून थेट टॅग लावतात, पण काउंटरवरच्या माणसाने "हो" म्हणण्यावर आयुष्य बेतू नका. बॅगेच्या टॅगवर कुठल्या गावाची तीन अक्षरं छापली आहेत, ते स्वतः वाचा.

याहून बोचणारी गोष्ट वजनाची. अमेरिकेच्या तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात. पुणे–दिल्लीच्या सुट्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी १५ किलो. म्हणजे ४६ किलो घेऊन पुण्याच्या लोहगाव विमानतळावर गेलात की ३१ किलो जादा, आणि त्याचे किलोमागे काही शे रुपये. वाचलेले नऊ हजार तिथेच, वजनकाट्यावर, अर्ध्या मिनिटात जातात. एकाच तिकिटात असलं तर देशातल्या टप्प्यालाही परदेशी वजन लागू होतं. काही कंपन्या पुढचं परदेशी तिकीट दाखवल्यावर सूट देतात. ती असेल तर आधी ईमेलवर लिहून घ्या आणि तो ईमेल छापून जवळ ठेवा.

मधल्या देशात व्हिसा लागेल का? मी तर विमानतळाबाहेर जाणारच नाही.

वेगळी तिकिटं असतील तर बाहेर जावं लागू शकतं, आणि हेच लोकांच्या लक्षात येत नाही. समजा पुणे–दुबई एका कंपनीचं, दुबईहून पुढचं दुसऱ्याचं, आणि बॅग टाकलेली. बॅग घ्यायची तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं, म्हणजे अमिरातीत प्रवेश करावा लागतो, म्हणजे त्यासाठीची परवानगी हवी. ती नसेल तर पुण्यातल्याच काउंटरवर अडवू शकतात.

युरोपातही तसंच. पॅरिसला उतरून पुढे लिस्बनला जायचं तर शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांतल्या, पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, व्हिसा हातात असावाच लागतो. लंडनला हीथ्रोवर उतरून गॅटविकहून उडायचं म्हणजे ब्रिटनच्या हद्दीतून बसने जायचं, तिथे व्हिसाशिवाय पान हलत नाही.

एकाच शहरात दोन विमानतळ असले तर?

तिकिटावरची अक्षरं नीट बघा. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, इस्तंबूलला एक युरोपच्या बाजूला आणि एक आशियाच्या. आपल्या घरचीच उदाहरणं घ्या: गोव्यात दाबोळी आणि मोपा, आणि आता मुंबईला जोडून नवी मुंबई. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचं उद्घाटन झाल्यापासून 'मुंबई' एवढंच वाचून तिकीट काढायचे दिवस गेले. पनवेलला उतरून सहारहून उडायचं ठरलं तर मधे अर्धा दिवस ठेवा.

पुण्याहून टॅक्सीने मुंबईला जाऊन तिथून उडतो. मग हा सगळा धोका नाहीच ना?

एक्सप्रेसवे हासुद्धा कनेक्टिंग फ्लाइटच आहे, फक्त त्याचं वेळापत्रक नसतं. कोथरूडहून सहारपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर. मध्यरात्री तीन तासांत पोचाल, शनिवारी सकाळी कोण जाणे. बोरघाटात एखादा कंटेनर आडवा झाला की खंडाळ्यापासून रांग लागते. पावसाळ्यात दरडींची भर: आडोशी बोगद्याजवळ २०१५ च्या आणि २०२३ च्या जुलैमध्ये दरड कोसळली होती. पावसाळ्यात विमानाच्या आठ तास आधी निघा असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या.

तरी एक मोठा फायदा असतो. टॅक्सीत बॅग तुमच्यापाशी असते आणि चालकाला जुन्या हायवेने घ्यायला सांगता येतं.

रेल्वेने मुंबई गाठली आणि गाडीच उशिरा पोचली तर रेल्वे भरपाई देते का?

कधी काळी मिळालीही आहे. २०१६ च्या जूनमधली गोष्ट. एक कुटुंब अजमेर–जम्मू एक्सप्रेसने जम्मूला चाललं होतं, तिथून दुपारी बाराचं श्रीनगरचं विमान होतं. गाडी सकाळी आठ दहाला पोचायची ती बाराला पोचली. ग्राहक मंचापासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रवाशाच्या बाजूने निकाल दिला: उशीर का झाला हे रेल्वे सिद्ध करू शकली नाही, म्हणून भरपाई द्यावी लागेल. टॅक्सीचे १५,०००, राहण्याच्या बुकिंगचे १०,००० आणि वर मनस्ताप व खर्चापोटी प्रत्येकी ५,०००.

पस्तीस हजार आणि पाच वर्षं. हक्क आहे, पण त्या दिवशी जम्मूत उभं असताना त्याचा उपयोग नव्हता. शिवाय त्यांनी चार तासांचं अंतर ठेवलं होतं. तुम्ही दीड तास ठेवून मंचात गेलात तर समोरचा वकील आधी तेच विचारेल.

विमानाला उशीर झाला तर डीजीसीएच्या (सरकारच्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमाने काय मिळतं?

नुसत्या उशिराचे रोख पैसे मिळत नाहीत. ठरावीक वेळेच्या पुढे उशीर गेला की खाणंपिणं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. विमान रद्द झालं आणि वेळेत कळवलं नाही, तर प्रवासाच्या लांबीप्रमाणे ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. 'जे कमी असेल ते' हे चार शब्द लोक वाचत नाहीत. धुकं, संप, हवाई नियंत्रणाची अडचण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना तेही नाही.

याच नियमात कनेक्टिंग फ्लाइट चुकल्याचा उल्लेख आहे, पण शब्द आहेत 'त्याच तिकीट क्रमांकावरची'. तुमचं वेगळं असेल तर त्या वाक्यात तुम्ही नाही.

युरोपातून येताना फरक आणखी ठळक. तिथल्या नियमाने साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला मोठ्या उशिराबद्दल ६०० युरोपर्यंत मिळतात, आणि उशीर मोजतात तो शेवटच्या गावाला. फ्रँकफर्ट–दिल्ली–पुणे एका बुकिंगवर असेल, विमान दिल्लीला दीड तास उशिरा आलं आणि त्यामुळे पुण्याला पाच तास उशिरा पोचलात, तर मोजणी पुण्याला. वेगळ्या तिकिटांवर मोजणी दिल्लीतच थांबते: दीड तास, म्हणजे शून्य.

तक्रार करायची तर आधी कंपनीकडे लेखी, मग सरकारचं एअरसेवा पोर्टल, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५.

दोन्ही तिकिटं एकाच कंपनीची असली तर?

कागदावर तरीही दोन करार. प्रत्यक्षात काउंटरवरचा माणूस बरेचदा सांभाळून घेतो. त्याची मर्जी, तुमचं नशीब.

प्रवास विमा काढला आहे. तो देईल ना?

पॉलिसीत 'मिस्ड कनेक्शन' शोधा आणि त्याखालचं वाचा: पहिल्या विमानाला किमान किती तास उशीर हवा, दोन विमानांत किमान किती अंतर हवं, आणि भारतातला टप्पा धरतात का. बऱ्याच पॉलिसी भारताबाहेर पडल्यावरच सुरू होतात, म्हणजे पुणे–दिल्लीच्या उशिराचा त्यांच्याशी संबंधच नाही.

तिकीट काढल्यावर कंपनीने वेळच बदलली तर?

हे नेहमीचं आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक लागतं, तेव्हा वेळा हलतात. पाच तासांचं अंतर एका मेसेजने दोन तासांवर येतं. पहिली कंपनी फार तर तिच्या टप्प्याचे पैसे परत करेल, दुसरीचं तुमचं तुम्ही निस्तरा.

पुण्याची स्वतःची एक गोष्ट आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे, आपण तिथे पाहुणे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये १६ ते २९ तारखेपर्यंत दुरुस्तीसाठी ती चौदा दिवस पूर्ण बंद होती आणि पुण्याचं एकही प्रवासी विमान उडलं नाही. मुंबई–दिल्लीहून पुढची सुटी तिकिटं असलेले लोक तेव्हा बॅगा घेऊन एक्सप्रेसवेवर होते. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची देशभरातली हजारो उड्डाणं रद्द झाली, त्यात पुणेही होतं. एप्रिल २०२४ मध्ये दुबईत विक्रमी पाऊस पडला तेव्हा तिथलं विमानतळ कित्येक दिवस विस्कळीत होतं. अशा वेळी एकसंध तिकीटवाले रांगेत असतात, सुट्या तिकीटवाल्यांना ती रांगही नसते.

विमान चुकणार हे पुण्यातच कळलं. काय करू?

बसल्या जागेवरून दुसऱ्या कंपनीला फोन लावा, विमान सुटायच्या आत. चुकल्यानंतर नाही. आधी कळवलं तर दंड आणि भाड्याचा फरक भरून तारीख बदलता येते. न कळवता चुकलं तर 'नो-शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही, असा शिक्का लागतो, आणि त्याच तिकिटावरचं परतीचं विमानही सहसा रद्द होतं. मुलीच्या लग्नाला निघालेल्या एका गृहस्थांना हे परतायच्या दिवशी न्यूयॉर्कच्या काउंटरवर कळलं होतं.

तारीख बदलण्यापेक्षा तिकीट सोडून देणंच परवडत असेल तरी ते रीतसर रद्द करा. भाडं बुडालं तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळायला हवीत, 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी.

उशिराचा अंदाज घरूनच घेता येतो. विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या फ्लाइटरडारवर तुमचं विमान आधी कुठून येणार आहे ते बघा. पुण्याहून निघणारं विमान बहुधा दुसरीकडून येऊन लगेच परत फिरतं, त्यामुळे ते जयपूरला अजून जमिनीवरच असेल तर बोर्डावर 'ऑन टाइम' लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. एरवी सकाळचं पहिलं विमान सर्वांत भरवशाचं, कारण ते रात्रीपासून उभं असतं. थंडीतली दिल्ली मात्र याला अपवाद, तिथे सकाळीच धुकं असतं. त्या दिवसांत दुपारी पोचणारं घ्या.

आई-बाबा एकटेच अमेरिकेला जाणार आहेत. त्यांच्यासाठी वेगळी तिकिटं चालतील?

नको. बाकी ठिकाणी मी 'बघा बुवा' म्हणतो, इथे सरळ नको म्हणतो.

सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या काकूंना आम्ही व्हीलचेअर लावून देतो. एकाच तिकिटावर ती एका विमानापासून दुसऱ्यापर्यंत नेली जाते. वेगळ्या तिकिटांवर पहिल्या कंपनीचा माणूस त्यांना आगमनाच्या दाराबाहेर आणून सोडतो, नमस्कार करतो आणि खुर्ची घेऊन परत जातो. दुसऱ्या कंपनीची खुर्ची मिळते ती तिच्या काउंटरवर. मधे उरतात त्या काकू, गुडघे, प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा ठेवलेली ट्रॉली, आणि वरच्या मजल्यावर नेणारी लिफ्ट कुठे आहे हा प्रश्न. त्यात फोनला पुण्यातलंच सिम, आणि मुलगा तिकडे झोपलेला.

तिकिटं आधीच काढली आहेत, पुढच्या आठवड्यात निघायचंय. आता?

पहिला टप्पा आधीच्या विमानावर हलवता येतो का ते बघा. दोन-तीन हजार लागले तरी लावा. सामान हातातल्या ७ किलोत बसत असेल तर बसवा, पट्ट्यापाशी उभं राहायचा वेळ वाचतो. दुसऱ्या टप्प्याचं वेब चेक-इन पुण्यातच उरका. आदल्या रात्रीच्या हॉटेलचं बुकिंग फुकट रद्द होणारं असेल तर आजच करून ठेवा, लागलं नाही तर सोडून द्या. दोन्ही तिकिटं छापून घ्या, कारण दिल्लीत दारावरच्या जवानाला दुसरं तिकीट दाखवायचं असतं, आणि नेमकी तेव्हाच फोनची बॅटरी चार टक्क्यांवर असते.